नाम बोलो

ते अठ्ठ्याण्णव साल. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. सिद्धेश्वरच्या कॅनलला त्या साली शेवटपर्यंत पाणी राहिलं आणि हट्टा गावाकडच्या शिवारात हळद अशी पोसली की कुदळीच्या दोन घावांत पाटी भरावी. पण भागूबाईच्या ध्यानात ते साल राहिलं ते पिकामुळं नाही. पौषात तिची नणंद मंजुळाबाई गेली, आणि शिमगा यायच्या आत तिच्या रानात मजुरांनी पाय ठेवणं बंद केलं.

मंजुळाबाईला गावात कुणी मंजुळाबाई म्हणत नसे. मिल्ट्रीबाई म्हणत. ती भागूबाईच्या नवऱ्याची, जळबाची थोरली बहीण, म्हणून भागूबाई तिला अक्का म्हणायची. धर्मांतर झालं तेव्हा अक्का शाळकरी पोर होती. एका मास्तरानं बापाच्या मागं लागून तिला पुढं शिकवलं. मिशनच्या दवाखान्यात ती नर्स झाली आणि चीनची लढाई संपल्यावर फौजेच्या दवाखान्यात गेली. पासष्टची लढाई तिनं पाहिली, एकाहत्तरचीही पाहिली. लग्न केलं नाही. नव्वद साली मेजर होऊन परत आली ती एक लोखंडी पेटी, एक हिरवं ब्लँकेट आणि पायात काळे बूट घेऊन. गावाबाहेर कॅनलच्या अंगाला चार एकर रान घेतलं, त्यात एक खोली बांधली आणि भावाला म्हणाली, "जळबा, घेतलं मी. कसायचं तू."

बाई फौजेत होती म्हणजे काय करत होती, हे गावाला कधी नीट कळलंच नाही. आली त्या साली पंधरा ऑगस्टला तिला शाळेत बोलावलं. झेंडा झाल्यावर पुढाऱ्यांपैकी एकानं मिशीत हसत विचारलं, "बाई, किती मारले?"

"मारला एकबी न्हाई," अक्का म्हणाली. "मेले ते माझ्या हातावर मेले."

मग चहा आला. सगळ्यांना कपबशीतून, हिला काचेच्या ग्लासातून. तिनं चहा घेतला, नळाखाली ग्लास विसळला, आणि नेऊन ठेवला तो धुऊन ठेवलेल्या कपांच्या बरोबर मधोमध. पुढच्या साली तिला बोलावणं आलं नाही.

दुखण्याखुपण्याला मात्र लोक येत. आधी अंगारा, मग कंपाउंडरची सुई, आणि दोन्हीनं जमलं नाही की शेवटी मिल्ट्रीबाई. ती कोपरापर्यंत साबणानं हात धुवायची, रोग्याच्या तोंडाशी वाकायची, आणि पहिला शब्द बोलायची तो हिंदीत. जन्म फौजेत गेलेला, तो सवाल तिच्या तोंडून मराठीत येतच नसे.

"नाम बोलो. पूरा नाम."

चिंचेवरून पडलेला लखमा अर्धंच नाव बोलला आणि गेला. विहिरीतून काढलेली एक पोर बोललीच नाही. अशी पाच-सहा माणसं झाली आणि गावानं ठरवून टाकलं की मिल्ट्रीबाईनं नाव विचारलं की माणूस जातं. तिला बोलवेपर्यंत ते अर्धं गेलेलंच असतं, हे कुणी मनात घेतलं नाही. फौजेत मेलेल्यांच्या हजेरीत नावं कमी पडली, ती बाई इथून भरून राहिली, असं पारावरचं बोलणं. लेकरांनी त्याचा खेळ केला. एकानं डोळे झाकून "नाम बोलो" म्हणायचं, ज्याच्या तोंडून नाव निघालं तो मेला.

हळदीचा पाला बांधता बांधता भागूबाईनं एकदा विचारलं होतं, "अक्का, लोकं काय म्हणून राहिले, माहीत हाय ना?"

"हाय की."

"मंग काहून इचारता नाव? गप सुई टोचायची आन मोकळं व्हायचं."

अक्कानं पेंढी गुडघ्याखाली दाबून गाठ मारली. "अगं, रगत गेलेलं माणूस जागेवर पडलेलं दिसतं, पर ते चालत असतं. लांब लांब जात असतं. मागून हाक मारली तर थांबतं. आता हाक कोन्त्या नावानं मारायची? त्याचं त्यानं सांगावं लागतं. दुसऱ्याच नावानं हाक मारली, तर ते काहून वळून बघंल?"

भागूबाईला तेव्हा त्यातलं निम्मं कळलं होतं.

सुरज हा भागूबाईचा एकुलता. त्याच्यासाठी पुसेगावची पोरगी बघायला निघाले तेव्हा जीपमध्ये जळबा बहिणीच्या कानाला लागला. "अक्का, एक बोलू का? रागाला येऊ नको. पोरीला नाव तेवढं इचारू नको."

"बघायच्या कार्यक्रमाला नावच इचारतेत, जळबा."

"दुसरं कायबी इचार. पर नाव नको."

पोरगी पाटावर येऊन बसली. सगळ्यांनी आपापलं विचारून घेतलं. अक्काची पाळी आली तशी मिल्ट्रीबाईची कीर्ती ऐकून असलेलं सगळं घर मागं सरकलं. जळबाला खोकला आला. अक्कानं पोरीकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "डाव्या पायाला काय झालं तुझ्या? लंगडत आलीस." बाभळीचा काटा होता. अक्कानं तिथंच, पाहुण्यांच्या देखत, पोरीचा पाय मांडीवर घेऊन तो काढला आणि लग्न ठरलं. पोरीचं नाव संध्या. पण अक्कानं तिला ते कधी विचारलं नाही आणि कधी घेतलंही नाही. घरात ती तिला सूनबाईच म्हणायची.

आणि पौषात अक्का गेली. भागूबाई सकाळची पेज घेऊन रानात गेली तर ही खाटेवर भिंतीला टेकून बसलेली. पायात बूट, अंगावर ब्लँकेट, थंडीतही कपाळावर घामाचे थेंब. डोळे उघडे, पण भागूबाईकडं नाहीत.

"नाम बोलो," अक्का म्हणाली.

भागूबाईनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. मग अक्काच बोलली, खालच्या आवाजात, हुकूम पाळल्यासारखी, "मंजुळा. मेजर मंजुळा."

पुन्हा सवाल, पुन्हा जबाब. तिसऱ्या वेळी सवाल तेवढा आला. जबाब आला नाही.

भागूबाईनं हे जळबाला सांगितलं आणि जळबानं पारावर. तिथून ते जे फुटलं ते कॅनलच्या पलीकडं तांड्यावर जाऊन थांबलं. मिल्ट्रीबाई मेली, पण सवाल मागं ठेवून गेली, असं माणसं म्हणू लागली.

माघात हळदीचा पाला कापून झाला आणि खणणी लागली. तांड्यावरची नानीबाई आपल्या बाया घेऊन दरसाल येत असे. पोटात हसू आणि तोंडात तंबाखू असलेली बाई, कुदळ उचलली की पुरुषालाही मागं टाकायची. पहिल्या दिवशी उन्हं डोक्यावर आली. बाया आंब्याखाली भाकरी सोडून बसल्या होत्या. नानीबाई तेवढी आपली सरी संपवायची म्हणून रानाच्या टोकाला एकटीच वाकलेली. वारा पडलेला होता, कापलेल्या पाल्याचा उग्र वास जमिनीतून वर येत होता. एकदम नानीबाई ताठ उभी राहिली आणि कुदळ तिथंच टाकून चालत आली. पळाली नाही, चालत आली. तोंड राखेसारखं.

"काय झालं गं?" भागूबाईनं विचारलं.

"वैनी, मागून कुनीतरी इचारलं."

"काय इचारलं?"

नानीबाईनं मान हलवली. तो शब्द तिनं तोंडातून काढला नाही. "मी काई बोलले न्हाई. दात दाबून धरले. पर माझं नाव घशापोतर आलतं, वैनी. आपोआप. कुनी आतून ढकलल्यावानी."

बायांनी अर्ध्या खाल्लेल्या भाकरी फडक्यात बांधल्या. भागूबाईनं हात जोडले, जळबानं वाढीव मजुरीचं बोललं, पण एकही मागं वळली नाही. जाताना एकीचं लुगडं खोलीच्या कुंपणाला अडकलं तर ती ते फाडून गेली.

दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी जळबा तांड्यावर गेला. नानीबाईचा नवरा हिरासिंग, त्याच्याकडं हळद शिजवायची मोठी कढई होती. ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून गावोगाव फिरायची आणि तिची पाळी आधीच लागलेली असायची.

"हिरासिंगभाऊ, पाळीवर कढई येईल ना?"

"कढई लोखंडाची हाय, जळबा. तिला भेव न्हाई," हिरासिंग म्हणाला. "बराबर टायमाला बांधावर आनून ठिवतो. आत मी येत न्हाई."

"मर्द मानूस तू."

"मर्दालाबी नाव असतं बाबा."

पाळी चुकली तर कढई पुन्हा हनुमान जयंतीशिवाय मिळणार नव्हती, आणि तोवर जमिनीतल्या हळदीला कोंब फुटले असते. म्हणून घरच्याच माणसांनी खणायला घेतलं. जळबाच्या तळहाताला फोड आले, फुटले, त्यात हळदीची माती बसली. सुरजची पाठ धरली तर तो उपडा पडून भागूबाईला पाठीवर उभं राहायला लावायचा आणि पुन्हा उठायचा. संध्याचे दिवस भरत आले होते. तिला कुदळ देणं शक्य नव्हतं. ती खोलीजवळच्या आंब्याच्या सावलीत पाय पसरून बसायची आणि गड्ड्याची हळकुंडं मोडून वेगळी करायची. नानीबाईला काय ऐकू आलं ते, पोटुशी पोर म्हणून, तिला कुणी सांगितलं नव्हतं. कट, कट, असा आवाज दिवसभर चालायचा.

एका दुपारी तो आवाज थांबला. भागूबाई डोक्यावर पाटी घेऊन आली तर संध्या खोलीच्या बंद दाराकडं बघत होती.

"मामी, त्या बाई कोन व्हत्या?"

"कोन बाई?"

"आत्ता बोलल्या ना. खोलीच्या अंगानं. दिसल्या न्हाईत, आवाजबी नीट वळखला न्हाई, पर नाव इचारलं मला."

भागूबाईच्या मानेवर पाटीचं ओझं एकदम वाढलं. "तू काय म्हणलीस?"

"सांगितलं की. कोनी मोठं मानूस इचारतंय, सांगू न्हाई का? संध्या म्हणलं. तर म्हणल्या, पूरा नाम." संध्या लाजली. "मंग ह्यांचं नाव घेऊन पूर्ण सांगितलं."

पाटी खाली पडली. हळद पोरीच्या पायांवर सांडली, आणि ती सासूच्या तोंडाकडं बघून हळूहळू काय समजायचं ते समजली.

जळबानं त्याच सांजेला चुलीपुढं फर्मान काढलं. "आजपासून ह्या घरात संध्या न्हाई. सूनबाईचं नाव दगडाबाई. जो संध्या म्हणंल त्याला मी उंबऱ्याबाहेर काढीन."

सुरज भडकला. "बाबा, आपन रोज वंदना म्हणतो. धम्म घेतलेलं घर हे. आत्या असती तर हसली असती."

"आत्या हसाया न्हाई, हीच तर तकलीफ हाय!" जळबा म्हणाला. "वंदना वंदनेच्या जागी. अक्काच्या पाठीवरचे माझ्या मायचे दोन लेकरं गेले. तिसरा मी. मायनं माझ्याकडं बघितलं आन म्हणली, जळो बा हे. तेच नाव ठिवलं. म्हणून मी हाय. दगडाला कोन नेतं?"

संध्याला आधी हसू आलं. पहिल्या दिवशी "दगडाबाई, पानी आन" म्हटलं की ती तोंडाला पदर लावायची. मग ते हसणं गेलं. हाक मारली की तिला कळायला वेळ लागू लागला. तीनदा, चारदा हाक मारावी तेव्हा ती मान वळवायची, आणि वळवली तरी डोळे उशिरा यायचे. एकदा भागूबाई तिची वेणी घालत होती, तेव्हा पोर म्हणाली, "मामी, माझं नाव कोनीच घेऊन न्हाई राहिलं. मंग मी कुठं हाय?"

"हितंच हायेस. गप बस."

"तुमी तरी घ्या एकदा. हळू."

भागूबाईनं दाराकडं बघितलं. ओसरीवर जळबा बसला होता. तिनं वेणी घट्ट ओढली आणि गाठ मारली.

कढई आली. हिरासिंगनं बोलल्याप्रमाणं ती बांधावर उतरवली आणि ट्रॅक्टर तिथंच उभा करून वर बसून राहिला. सुरज आणि जळबानं ती ओढत आत नेली, चुलाणावर चढवली, खाली पऱ्हाट्या आणि तुराट्या लावल्या. कढईत हळद, वर पाणी, त्यावर पाला आणि गोणपाट. दुपारपर्यंत उकळी फुटली. पिवळा फेस कडेवरून ओघळायला लागला आणि वाफेचा असा लोट उठला की आंबा दिसेना, खोली दिसेना, चार हातांवरचं माणूस दिसेना. उन्हात उभी असलेली ती वाफ पांढरी नव्हती. तिच्यात पिवळेपणा होता, आजारी माणसाच्या डोळ्यांत असतो तसा. भागूबाई काडी घेऊन हळद शिजली का ते टोचून बघत होती. तिला वाफेच्या पलीकडं बुटांचा आवाज ऐकू आला. ढेकळांवर, एका लयीत. सुरज अनवाणी होता आणि जळबाच्या पायात चपला होत्या.

तिनं मान वर केली. आवाज थांबला. आणि तो थांबला तिथूनच संध्या म्हणाली, "मामी."

भागूबाई वाफेतून पलीकडं आली तर ती आंब्याखाली उभी होती. लुगडं गुडघ्याच्या खाली लाल झालेलं. आपल्याच पायांकडं ती दुसऱ्या कुणाचे पाय असल्यासारखी बघत होती. भागूबाई पोहोचायच्या आत ती खाली बसली.

पुढचं सगळं झपाट्यानं झालं. सुरजनं खोलीचं दार उघडून हिरवं ब्लँकेट आणलं. दोघा बापलेकांनी पोरीला त्यात घालून बांधापर्यंत नेलं. हिरासिंगनं ट्रॉलीत पाल्याच्या पेंढ्या पसरल्या आणि ट्रॅक्टर वसमतच्या दवाखान्याच्या वाटेला लावला. जळत्या चुलाणावर कढई तशीच राहिली.

वाटेत पळस फुलले होते. ट्रॉली खड्ड्यात आदळली की पाला पिळल्यासारखा ओला व्हायचा. संध्याचे ओठ जांभळे पडत चालले. जळबा तिच्या गालावर चापट्या मारत होता. "दगडाबाई, डोळे उघड. दगडाबाई! ए पोरी, दगडाबाई!"

पोर ऐकत नव्हती. ऐकत नव्हती म्हणण्यापेक्षा, ती हाक तिच्यापर्यंत जातच नव्हती. भागूबाईला एकदम ते दिसलं. ट्रॉलीतलं बाईमाणूस पडून होतं, आणि संध्या पाठमोरी, लांब कुठंतरी, डाव्या पायानं जराशी लंगडत चालली होती. मागून कुणी दुसऱ्याच बाईला बोलावत होतं. ती काहून थांबेल?

"सरका," ती नवऱ्याला म्हणाली.

"काय करती?"

भागूबाई सुनेच्या तोंडाशी वाकली. पण मराठीतून तो सवाल तिच्या जिभेवर आलाच नाही. आला तो तसाच आला, जसा आठ वर्षं कानावर पडला होता.

"नाम बोलो."

जळबानं तिचं मनगट धरलं. "येडी झाली का तू! मारती का तिला?"

"हात सोडा! दगडाबाई म्हणून हितं कोनीच न्हाई. ज्या नावाचं मानूस न्हाई त्याला काय बोलावता?" तिनं हिसका दिला. "नाम बोलो! पूरा नाम!"

ट्रॅक्टरच्या धडधडीत हिरासिंगला मागचं नीट ऐकू आलं नव्हतं, पण तेवढे दोन शब्द ऐकू आले. त्यानं मान खांद्यात घातली आणि पुढं बघतच ओरडला, "वैनी, मला नको इचारू! मी गाडी चालवून राहिलो!"

"तुला न्हाई, मेल्या! तू हाण गाडी!"

संध्याचे ओठ हलले. आवाज आला नाही. भागूबाईनं पुन्हा विचारलं. पुन्हा. चौथ्या-पाचव्या वेळेला ओठांवर "सं" एवढं उमटलं. सुरज रडायला लागला. जळबा दोन्ही हातांनी डोकं धरून ट्रॉलीच्या फळीला टेकला.

"नाम बोलो."

"संध्या."

"पूरा नाम."

"संध्या... सुरज..."

"आडनाव? आडनाव कोन सांगंल?"

"खिल्लारे."

असं ते चाललं. पोर झोपेत बुडायला लागली की भागूबाई विचारायची आणि पोर वर यायची. धुरळा तोंडात जात होता. भागूबाईचा घसा सुकला, फाटला, शेवटी शब्दाच्या जागी नुसती खरखर येऊ लागली. कॅनलच्या पुलावर समोरून बैलगाडी आली म्हणून हिरासिंगनं ट्रॅक्टर थांबवला आणि इंजिन गचका देऊन बंद पडलं. एकदम सगळं शांत झालं. खाली पाणी वाहत होतं तेवढंच. भागूबाईनं थुंकी गिळली. विचारायला तोंड उघडावं म्हणाली, पण घशातून काही निघेना.

तेवढ्यात संध्या बोलली. स्पष्ट बोलली. "संध्या सुरज खिल्लारे."

मग थोडी थांबली. समोरच्याचं ऐकून घेताना माणूस थांबतं तशी. मग म्हणाली, "व्हय, पुसेगावची."

पुन्हा थांबली. तिचे डोळे मिटलेले होते, पण मान एका बाजूला वळली होती. त्या बाजूला ट्रॉलीची मोकळी फळी होती.

"न्हाई बाई," ती म्हणाली, "आता दुखत न्हाई."

सुरजनं आईकडं बघितलं, जळबानं बायकोकडं बघितलं. भागूबाईचं तोंड बंद होतं. तिनं दोघांना दिसावं म्हणून ते हातानं झाकून धरलं. आणि पोर पुन्हा आपलं नाव सांगायला लागली, सावकाश, शाळेत सांगावं तसं. हिरासिंगनं मागं न बघता किल्ली फिरवली. ट्रॅक्टर चालू झाला. दवाखान्याच्या फाटकापर्यंत भागूबाईला एकदाही विचारावं लागलं नाही.

दिवस मावळायच्या आत संध्याला मुलगी झाली. सुरजचं रक्त जुळलं, ते दिलं. दोघीही जगल्या.

दुसऱ्या दिवशी संध्यानं चहात बुडवून बिस्किट खाल्लं आणि सासूकडं बघून ओठ काढला. "मामी, काल लई जीव खाल्ला तुमी माझा. एकीला जबाब द्यावा तर लगेच दुसरी. दोघींनी मिळून काहून इचारायचं? एकीनं इचारलेलं दुसरीला ऐकू येत नव्हतं का?"

भागूबाईनं तिच्या हनुवटीवरचा चहा पदरानं पुसला.

हळदीची मात्र आशा सोडूनच ती गावाकडं परतली. उकळत्या कढईखाली जाळ सोडून आलेली माणसं, हळदीचा गाळ झाला असणार. बांधावर येऊन बघते तर चुलाण विझवलेलं, कढई उपसलेली, आणि खोलीपुढच्या सारवलेल्या जागेवर हळद वाळत घातलेली. नानीबाई तिच्यात पाय ओढत सऱ्या पाडत होती.

"तू? आत आलीस?"

"धूर दिसला तांड्यावरून. मानूस एक दिसंना," नानीबाई म्हणाली. "बाया घेऊन आले तर बांधावरच पाय अडले. कोनी पुढं होईना. मंग म्हणलं, ती इचारनार म्हणूनच भेव ना? तिनं इचारायच्या आत आपनच सांगून टाकू. उभ्या ऱ्हायलो आन वरडून सांगितली सगळ्यांनी आपापली नावं. नवऱ्याची, बापाची, तांड्याची, सगळी."

"मंग?"

"मंग काय? कोनी काई बोललं न्हाई." नानीबाईनं तंबाखूची पिंक टाकली. "तिला सांगितलं की ती गप ऱ्हाती. आधी कळलं असतं तर एवढे दिवस मजुरी बुडाली नसती."

पुढच्या साली मे महिन्यात हिंगोली जिल्हा झाला. जळबा दोन हजार तीन साली गेला, झोपेत. दगडाबाई नाव ठेवलं म्हणून सून वाचली, हे तो शेवटपर्यंत सांगत राहिला आणि भागूबाईनं त्याला कधी अडवलं नाही. नातीचंही नाव दगडाबाई ठेवायचं त्याच्या मनात होतं. शाळेत पोरं छळतील म्हणून सुरजनं शिला ठेवलं. अर्थ तोच, म्हणून म्हातारा राजी झाला. शिला आता पाचवीला आहे. हजेरीला असा मोठ्यानं ओ देते की मास्तर दचकतात. संध्या अंगणवाडीत मदतनीस झाली. शिलाच्या पाठीवर तिला मुलगा झाला. कुणी तिला चुकून सूनबाई म्हटलं तर ती हातातलं काम थांबवून म्हणते, "नाव हाय मला." सुरजनं कढईच्या जागी वाफेचा बॉयलर आणला. हिरासिंगची कढई भंगारात गेली, तो स्वतः गुडघ्यांनी जागेवर बसला आणि त्या पुलावरून ट्रॅक्टर त्यानं पुन्हा कधी नेला नाही, वळसा पडला तरी. नानीबाईचे दात गेले, जरब तशीच आहे.

अक्काच्या रानात मजूर येतात. माघात सकाळी बाया बांधावर एका रांगेत उभ्या राहतात आणि एकेक जण पूर्ण नाव मोठ्यानं सांगते. बापाचं, नवऱ्याचं, गावाचं. सगळ्यांची झाली की क्षणभर थांबतात आणि मग आत पाय टाकतात. हट्ट्याकडून आलेल्या नव्या पोरींना वाटतं, मजुरीसाठी हजेरी चालू आहे. त्यांना कुणी सांगत बसत नाही.

भागूबाई तेवढी नाव न सांगता आत जाते. एखादी नवी पोर तिला हटकते, "आजी, तुमचं ऱ्हायलं."

"मी इचारनाऱ्यांतली. पुढं व्हा," भागूबाई म्हणते आणि कुदळ खांद्यावरून उतरवते. "ऊन चढून राहिलं."